कित्येकांची दुर्बळता आणि प्रभूचें मेज

गेल्या महिन्यांत एका खेड्यांतील उपदेशकांचें मला पत्र आलें. त्यांच्या मंडळींत कांहीं नवीं कुटुंबें येऊं इच्छितात. तीं कुटुंबें जुन्या सभासदांच्या पूर्वीच्या जातींतलीं नाहींत. जुने सभासद म्हणतात कीं, त्यांनीं अवश्य यावें, प्रभु त्यांचाहि आहे. परंतु तूर्त त्यांची उपासना निराळ्या वेळीं ठेवावी व प्रभुभोजनहि निराळें द्यावें, म्हणजे कोणाचें मन दुखावणार नाहीं आणि कामहि अडणार नाहीं. शेवटीं उपदेशक विचारतात, "दुर्बळांस सांभाळून घ्यावें असें पौल प्रेषितच सांगतो. तर मग जुन्या सभासदांच्या दुर्बळतेकडे पाहून आम्हीं इतकी सवलत दिली, तर त्यांत पाप तें कोणतें?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला एका ओळीचें उत्तर देणें मला योग्य वाटलें नाहीं. "असें करूं नका" एवढें लिहून पत्र टपालांत टाकतां आलें असतें. पण ज्याला उद्यां सकाळीं उठून दोन्ही पक्षांच्या दारीं जावयाचें आहे, त्याला एवढ्यावर भागत नाहीं. शिवाय हाच प्रश्न, जवळजवळ ह्याच शब्दांत, एका दूरच्या देशांतील मंडळीपुढें पूर्वीं आला होता. तेथें भेद जातीचा नव्हता, कातडीच्या रंगाचा होता. त्या मंडळीनें काय उत्तर दिलें आणि त्या उत्तराला काय फळ आलें, हें दोन्ही आज आपल्यापुढें आहे. म्हणून आधीं तो वृत्तांत सांगतों आणि मग प्रश्नाकडे वळतों.

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतांत डच लोकांनीं १६५२ सालीं वसाहत केली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची सुधारित मंडळीहि तेथें रुजली. आपल्यासारखीच ती प्रॉटेस्टंट मंडळी. शास्त्र हेंच तिचें प्रमाण, उपदेश हाच तिच्या उपासनेचा गाभा, आणि पाळक व वडील हेच तिचे कारभारी. त्या वसाहतींत चाकरीसाठीं गुलाम आणले जात. कोणी मादागास्करचे होते, कोणी पूर्वेकडील बेटांतले होते, आणि बंगाल व मलबारच्या किनाऱ्यावरून नेलेले हिंदी लोकहि त्यांत होते. ह्या गुलामांपैकीं, त्यांच्या वंशजांपैकीं आणि त्या देशाच्या मूळच्या रहिवाश्यांपैकीं कांहींनीं प्रभूवर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला. त्या मंडळींत सभासद मेजाशीं बसून प्रभुभोजन घेत असत. तेव्हां प्रश्न निघाला कीं, ह्या नव्या बंधूंनीं कोठें बसावें?

१८२९ सालीं हा प्रश्न तेथील सिनडपुढें, म्हणजे पाळक व वडील ह्यांच्या महासभेपुढें, आला. सॉमरसेट येथें बेंतुरा व्हिसर नांवाचा एक मिश्रवर्णी मनुष्य सभासद झाला होता, आणि कांहीं गोऱ्या सभासदांस त्याच्याबरोबर मेजाशीं बसणें नको होतें. सिनडचा निकाल असा झाला कीं, रंग किंवा कूळ ह्यांचा भेद न करितां प्रभुभोजन सर्वांस एकत्रच दिलें पाहिजे. कारण हें तत्त्व देवाच्या वचनावर उभें आहे. निकाल स्पष्ट होता आणि शास्त्राला धरून होता.

परंतु कागदावरचा निकाल मनांत उतरला नाहीं. १८३४ सालीं कायद्यानें तेथील गुलामगिरी रद्द झाली. काल जो गुलाम होता तो आज शेजारीं येऊन बसणार, ही गोष्ट पुष्कळांस सोसेना. १८५५ सालीं स्टॉकेनस्ट्रॉम येथील गोऱ्या सभासदांनीं प्रभुभोजन आपणांस निराळें मिळावें अशी मागणी केली. मग १८५७ सालीं सिनडमध्यें पुन्हा चर्चा झाली आणि ग्राफ-रेनेटचे वृद्ध पाळक अँड्र्यू मरे ह्यांनीं मांडलेला ठराव मान्य झाला. प्रार्थनेवरील ग्रंथांमुळें ज्यांचें नांव पुढें जगभर झालें, त्या अँड्र्यू मरे ह्यांचे हे तीर्थरूप. ठरावाचा पूर्वार्ध असा होता कीं, मूर्तिपूजकांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांस आपल्या चालू मंडळ्यांतच सामावून घेणें हें इष्ट व शास्त्रानुसार आहे. उत्तरार्ध असा होता कीं, जेथें कित्येकांच्या दुर्बळतेमुळें असें करणें सुवार्तेच्या कामाला अडथळा होईल, तेथें त्या लोकांनीं आपले ख्रिस्ती हक्क निराळ्या इमारतींत उपभोगावे.

हा ठराव करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांपैकीं पुष्कळ जण प्रार्थना करणारे होते आणि आफ्रिकेच्या लोकांस सुवार्ता मिळावी अशी कळकळ बाळगणारे होते. खरें काय हें त्यांस ठाऊक होतें. तें त्यांनीं ठरावाच्या पूर्वार्धांत लिहूनहि ठेविलें. मग त्यांनीं एक सवलत दिली. ती सर्वांस नव्हती, "कित्येकांस" होती. ती कायमची आहे असें त्यांनीं म्हटलें नाहीं. पण ती कधीं संपेल हेंहि सांगितलें नाहीं.

पुढें काय झालें तें ऐका. पूर्वार्ध लोक विसरले आणि उत्तरार्ध हाच नियम झाला. १८८१ सालीं मिश्रवर्णी ख्रिस्ती लोकांची एक स्वतंत्र मिशन मंडळी स्थापण्यांत आली. मागाहून कृष्णवर्णी आफ्रिकन लोकांसाठीं निराळ्या मंडळ्या झाल्या, आणि १९६८ सालीं हिंदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठींहि एक निराळी मंडळी झाली. प्रारंभीं एक निराळें मेज होतें. त्याच्यामागून निराळी इमारत आली, आणि इमारतीच्या मागून निराळी मंडळी आली. जें प्रथम लाजत लाजत दिलें होतें, त्याचें समर्थन करण्यास पुढील पिढीचे विद्वान शास्त्रांतून वचनें शोधूं लागले. बाबेलच्या बुरुजाशीं देवानेंच राष्ट्रें निराळीं केलीं, तेव्हां तीं निराळींच ठेवणें हीच देवाची इच्छा होय, असें व्यासपीठावरून सांगण्यांत येऊं लागलें. दुर्बळतेची सवलत ही आतां देवाची आज्ञा झाली.

१९४८ सालीं त्या देशांत जो पक्ष सत्तेवर आला, त्यानें पृथक्करण हेंच राज्याचें धोरण केलें. १९४९ सालीं गोऱ्यांनीं इतर वर्णांशीं विवाह करूं नये असा कायदा झाला. १९५० सालीं कोणत्या वर्णानें कोठें राहावें ह्याचा कायदा झाला. आणि १९५७ सालीं, त्या ठरावाला बरोबर शंभर वर्षें झालीं असतां, गोऱ्यांच्या वस्तींतील उपासनेस आफ्रिकन लोकांनीं येऊं नये असा हुकूम काढण्याचा अधिकार कायद्यानें मंत्र्याला दिला. केपटाऊनचे अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन ह्यांनीं, हा कायदा आम्ही पाळूं शकत नाहीं व आमच्या लोकांसहि पाळण्यास सांगूं शकत नाहीं, अशा आशयाच्या पत्रावर ६ मार्च रोजीं सही केली. दुसऱ्याच दिवशीं ते मृत्यु पावले. मंडळीनें स्वतः घातलेली कडी आतां सरकार बाहेरून घालूं लागलें होतें.

ह्या सर्व अनर्थाचा दोष एकट्या १८५७ च्या ठरावावर लादणें न्यायाचें होणार नाहीं. जमिनीचा लोभ होता, खाणींतली स्वस्त मजुरी हवी होती, सत्ता हातची जाईल ही भीति होती. परंतु राज्यकर्ते जेव्हां माणसांमाणसांत भिंत बांधूं लागतात, तेव्हां "हें देवाला मान्य नाहीं" असें सांगणें मंडळीचें काम असतें. जिच्या स्वतःच्या घरांत तीच भिंत आधींपासून उभी आहे, तिनें तें कोणत्या तोंडानें सांगावें?

आतां उपदेशकांच्या प्रश्नाकडे येऊं. पौलानें दुर्बळांस सांभाळण्यास सांगितलें, हें खरें. परंतु त्यानें कोणाला काय सोडण्यास सांगितलें, हें नीट पाहिलें पाहिजे. रोमकरांस पत्र अध्याय १४ व करिंथकरांस पहिलें पत्र अध्याय ८ हे दोन्ही शांतपणें वाचून पाहा. तेथें गोष्ट अन्नाची आहे. एकाला वाटतें कीं अमुक मांस खाल्ल्यानें आपण देवाचा अपराध करूं. दुसऱ्याला ती भीति नाहीं. ज्याला भीति नाहीं त्याला पौल सांगतो कीं, तुझ्या खाण्यानें तुझा भाऊ अडखळत असेल, तर तूं तें खाऊं नको. म्हणजे सशक्तानें आपल्या ताटांतील घांस सोडावयाचा. तिसऱ्या कोणाच्या पुढचें ताट उचलून दुर्बळाला खूष करावें, असें पौलानें कोठेंहि सांगितलेलें नाहीं.

आपल्यांत म्हण आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालकीची वस्तु आपण दान करून मोकळें व्हावें, असा तिचा अर्थ. १८५७ च्या सिनडनें हेंच केलें. गोऱ्या सभासदांस सवलत दिली ती कोणाच्या पदरची? पाळकांच्या नव्हे, वडिलांच्याहि नव्हे. त्या सवलतीची सर्व किंमत त्या कृष्णवर्णी बंधूनें दिली, जो सभेंत मत देण्यास हजर नव्हता आणि ज्याला कोणीं विचारलेंहि नव्हतें. म्हणून कोणी "दुर्बळांसाठीं सवलत" असें म्हणूं लागला, तर प्रथम एवढेंच विचारावें कीं, ह्याची किंमत कोण देणार? देणारा पदरमोड करणार असेल, तर ती प्रीति होय. देणारा दुसऱ्याची जागा देऊन टाकणार असेल, तर तो अन्याय होय. मग त्याला आपण कितीहि सौम्य नांव देवों.

दुसरी गोष्ट ही कीं, दुर्बळता कशाला म्हणावें? पौलाचा दुर्बळ मनुष्य देवाला भितो. आपल्या हातून देवाची अवज्ञा होईल ह्या धास्तीनें तो घांस बाजूला सारतो. त्याची समजूत अपुरी असेल, पण त्याचें मन कोमल आहे. परंतु जो शेजारच्या माणसाचा स्पर्श टाळावा म्हणून मेजापासून दूर सरतो, तो देवाला भीत नाहीं. आपल्या मानाला धक्का बसेल ह्याला भितो. दोघांचें वागणें बाहेरून सारखें दिसतें, कारण दोघेहि मागें सरतात. पण एकाचें मूळ विवेकबुद्धींत आहे आणि दुसऱ्याचें गर्वांत आहे. गर्वाला दुर्बळता म्हटल्यानें त्याची कींव येऊं लागते, आणि ज्याची कींव येते त्याला कोणी पश्चात्ताप करण्यास सांगत नाहीं.

तिसरी गोष्ट "तूर्त" ह्या शब्दाची. कांहीं दुकानदार पाटी लावतात, आज रोख उद्यां उधार. ती पाटी रोज तीच असते, म्हणून उधारीचा दिवस कधींच उजाडत नाहीं. आपलें "तूर्त" हें बहुतेक तसेंच असतें. बाळाला दूध द्यावें हें योग्य. परंतु दूध अशासाठीं देतात कीं, त्याला दांत यावे व तें भाकर खाऊं लागावें. ज्या सवलतीनें दुर्बळ मनुष्य वर्षावर्षाला अधिक सशक्त होत नाहीं, उलट आपल्या दुर्बळतेला आपला हक्क समजूं लागतो, ती सवलत त्याचें पोषण करीत नाहीं. तिच्यामुळें नव्या बंधूचा अपमान होतो आणि जुन्या बंधूचा आत्मा खुरटतो. दोघांचेंहि नुकसानच होतें.

ह्या बाबतींत पेत्राची गोष्ट आपण विसरूं नये. गलतीकरांस पत्र अध्याय २ ह्यांत ती आहे. अंत्युखियांत पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. मग यरुशलेमाहून कांहीं लोक आले, आणि त्यांच्या भयानें तो हळूच निराळा बसूं लागला. त्यानें उपदेशांत एक अक्षरहि बदललें नव्हतें. परराष्ट्रीयांचें तारण होत नाहीं, असें तो म्हणाला नव्हता. त्यानें फक्त बसण्याची जागा बदलली. तरी पौलानें सर्वांसमक्ष त्याला तोंडावर दोष दिला; कारण त्याचें तें चालणें सुवार्तेच्या सत्याला धरून सरळ नव्हतें. बर्णबासारखा भला माणूससुद्धां त्याच्यामागें वाहावला. ह्यावरून कळतें कीं, बसण्याची जागा हाहि एक उपदेशच आहे. आपण व्यासपीठावरून एक सांगतों आणि बैठकींतून दुसरें सांगतों, तेव्हां लोक बैठकीचाच उपदेश खरा मानतात.

येथें कोणी दोन हरकती घेतील. पहिली अशी कीं, भाषा व चालीरीति निराळ्या असल्या तर निराळी उपासना ठेवावी लागतेच. मुंबईंत एकाच इमारतींत मराठी व तमिळ उपासना निरनिराळ्या वेळीं होतात. हेंहि पाप म्हणावें काय? नव्हे. जेथें मनुष्याला शब्दच कळत नाहींत, तेथें त्याला कळेल अशा भाषेंत उपासना देणें ही त्याची सेवा आहे. ओळखण्याची खूण अशी: त्या दाराला कडी आहे काय, आणि ती कोणीं घातली? तमिळ उपासनेंत मराठी मनुष्य जाऊन बसला, तर त्याला कोणी उठवीत नाहीं. एकमेकांच्या भाकरीला व प्याल्याला कोणी विटाळ मानीत नाहीं. परंतु एकच भाषा बोलणारे, एकाच विहिरीचें पाणी पिणारे, एकाच शिवारांत राबणारे लोक जेव्हां निराळे बसविले जातात, तेव्हां चालीरीतींची सबब पुढें करण्यांत अर्थ नाहीं.

दुसरी हरकत अशी कीं, आग्रह धरिला तर जुने लोक सोडून जातील. ही हरकत खोटी नाहीं आणि मी ती लपवूं इच्छित नाहीं. आपल्याच देशांत १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन ह्यांनीं दक्षिणेकडील मंडळ्यांस पत्र लिहून, मंडळींत जातिभेद मुळींच ठेवूं नये, असें निक्षून सांगितलें. तंजावर व आसपासच्या मंडळ्यांत तेव्हां उच्च म्हणविणाऱ्या व नीच मानलेल्या जातींचे ख्रिस्ती लोक निरनिराळ्या बाजूंस बसत. बिशपांच्या पत्रानंतर शेंकडों लोक मंडळ्या सोडून गेले. तेव्हां किंमत द्यावी लागते हें खरें. परंतु किंमत दोन्ही बाजूंनीं आहे. आग्रह धरिला तर जो जातो तो आपल्या पायांनीं जातो, आणि त्याच्यासाठीं दार उघडें राहतें. आग्रह सोडला तर नवा बंधु जातो, आणि त्याला आपण घालविलेलें असतें. शिवाय जाणाऱ्यांची संख्या वहींत दिसते, पण जे दाराशीं येऊन परत फिरले त्यांची संख्या कोणत्याच वहींत नसते.

मग ज्या मंडळीचें पाऊल आधींच चुकलें आहे, तिनें काय करावें? ह्याचें उत्तरहि दक्षिण आफ्रिकेनेंच दिलें आहे. १९६० सालीं शार्पव्हिल येथें पोलिसांच्या गोळीबारानें ६९ माणसें मारलीं गेलीं, तेव्हां कित्येकांचे डोळे उघडूं लागले. बायर्स नॉडे नांवाच्या एका गोऱ्या पाळकानें १९६३ सालीं आपली मोठी मंडळी व मान सोडून ह्या अन्यायाविरुद्ध साक्ष देण्याचें पत्करलें. १९७७ पासून १९८४ पर्यंत सरकारनें त्याच्यावर बंदी घातली होती. १९८२ सालीं सुधारित मंडळ्यांच्या जागतिक संघाचें अधिवेशन कानडांतील ओटावा शहरीं भरलें. तेथें दक्षिण आफ्रिकेच्या कांहीं कृष्णवर्णी व मिश्रवर्णी प्रतिनिधींनीं आपल्या देशांतील गोऱ्या मंडळ्यांबरोबर प्रभुभोजन घेण्याचें नाकारलें. घरीं ज्यांच्या मेजाशीं आपणांस जागा नाहीं, त्यांच्याबरोबर परदेशांत बसून ऐक्याचा देखावा त्यांना करावयाचा नव्हता. त्या संघानें पृथक्करणाचें धार्मिक समर्थन हा पाखंडी मताचा अपराध ठरविला. त्याच वर्षीं मिश्रवर्णी लोकांच्या मंडळीनें बेल्हार येथें मंडळीचें ऐक्य, समेट व न्याय ह्यांविषयीं विश्वासाचा एक जाहीरनामा तयार केला, आणि १९८६ सालीं तो स्वीकारला.

१९८६ सालींच गोऱ्या मंडळीनेंहि आपलें दार सर्व वर्णांस खुलें असल्याचें जाहीर केलें. पण दार उघडल्याचा ठराव झाला म्हणून घर भरत नाहीं. ज्याला तीन पिढ्या बाहेर उभें केलें, तो एका ठरावानें आंत कसा येईल? त्यासाठीं आणखी कांहीं लागतें. १९९० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत रस्टेनबर्ग येथें अनेक मंडळ्यांची परिषद भरली असतां स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले. त्यांनीं आपलें स्वतःचें पाप व आपल्या मंडळीचें पाप सर्वांदेखत कबूल केलें आणि क्षमा मागितली. कृष्णवर्णी आर्चबिशप डेझमंड टूटू ह्यांनीं उठून ती क्षमा दिली. १८५७ पासून १९९० पर्यंत १३३ वर्षें होतात. ज्याला "तूर्त" म्हटलें होतें, तें परत घेण्यास इतका काळ लागला.

हें सर्व मी उंच जागीं बसून लिहीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मंडळींत मी नवा पाळक असतां माझ्याच हातून हें घडलें. त्या मंडळींत पूर्वीं महार म्हणविलेलीं घरें जुनीं होतीं, आणि पूर्वीं मांग म्हणविलेलीं कांहीं घरें नुकतीच आलीं होतीं. नाताळच्या प्रीतिभोजनास जुन्यांनीं दोन पंगती मागितल्या. कलह नको म्हणून मीं "ह्या वर्षापुरतें" असें म्हणून संमति दिली. मला स्वतःला फार वाईट वाटलें, आणि मागल्या पंगतीकडे जाऊन मीं तसें बोलूनहि दाखविलें. दुसऱ्या वर्षीं कोणीं कांहीं विचारलें नाहीं. पंगती आपोआपच दोन बसल्या. मी आशीर्वाद मागण्यास मागल्या पंगतीकडे गेलों, तेव्हां तेथली एक म्हातारी बाई म्हणाली, "पाळकसाहेब, पहिल्या सालीं तुम्ही आम्हांला 'वाईट वाटून घेऊं नका' म्हणाला होता. औंदा तेवढंबी म्हणाला न्हाई."

ती रागावली नव्हती. तिनें फक्त जें दिसलें तें सांगितलें. एका वर्षांत तो पंक्तिप्रपंच माझ्या अंगवळणीं पडला होता. मीं मनांत म्हणत होतों कीं मी दुर्बळांस सांभाळतों; पण पाहूं गेल्यास दुर्बळ मीच होतों, आणि माझ्या दुर्बळतेची किंमत ती म्हातारी देत होती. पुढल्या रविवारीं मीं उपासनेंत उभा राहून हा माझा अपराध सांगितला व त्या घरांची क्षमा मागितली. तिसऱ्या वर्षीं पंगत एकच बसली. चार घरें आलीं नाहींत. त्यांपैकीं दोन घरें पुनरुत्थानाच्या सणापर्यंत परत आलीं. दोन परत आलीं नाहींत, आणि त्यांच्यासाठीं मी आजहि प्रार्थना करितों.

म्हणून, उपदेशक बंधो, आपणांस माझें सांगणें असें आहे. निराळ्या उपासनेचा आरंभच करूं नका. बाप्तिस्म्याच्या शिक्षणापासूनच सर्वांस एकत्र बसवा. पहिल्या रविवारीं नव्या कुटुंबाला निरोप पाठवून थांबूं नका. आपण स्वतः त्यांच्या घरीं जा, त्यांच्याबरोबर चालत या, आणि आपल्या बायकामुलांस त्यांच्या शेजारीं बसवा. त्याआधीं त्यांच्या घरीं एकदां भाकर खा, आणि खाल्ली असें जुन्यांस सहज कळूं द्या. भाकर एक असो. आरोग्यासाठीं लहान प्याले वापरावयाचे असतील, तर ते सर्वांसच वापरा आणि एकाच तबकांतून द्या. शिवाय आंत येऊं देणें आणि स्वागत करणें ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ज्याच्याकडून वर्गणी घेतली जाते, पण ज्याला शास्त्रपाठ वाचण्यास कोणी सांगत नाहीं व पंचांत ज्याचें नांव कोणी सुचवीत नाहीं, तो आंत असूनहि पाहुणाच राहतो.

आणि जुन्या सभासदांचा तिरस्कार करूं नका. त्यांच्यापैकीं पुष्कळांस त्यांच्या तरुणपणीं दुसऱ्यांनीं अंगणाबाहेर उभें केलें होतें. ज्यानें तें सोसलें, तोच कधीं कधीं आपल्याहून खालीं कोणी तरी असावें असें इच्छितो. हें माणसाच्या मनाचें दुखणें आहे, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ त्यांस अवश्य द्या. रोज संध्याकाळीं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा, त्यांचें ऐकून घ्या, कठोर शब्द बोलले तरी सोसा, दहा वेळां जावें लागलें तरी जा. दुर्बळांस सांभाळणें तें हेंच. पण तो वेळ आपल्या संध्याकाळींतून द्या, आपल्या झोपेंतून द्या. नव्या बंधूची जागा देऊन तो विकत घेऊं नका. ती जागा आपली नाहीं, जुन्यांचीहि नाहीं. मेज ज्याचें आहे त्यानें तिची किंमत केव्हांच दिली आहे, आणि ज्यांच्यासाठीं दिली त्यांत आपण सर्वच जण परके असतां बोलाविले गेलों.

प्रभु आपणांस धैर्य देवो, आणि आपल्या मंडळीची पंगत एक ठेवो.